हाती दिलेलं पत्र

—नको, पाणी नको, खरंच नको, हातात पेला धरला की माझ्याकडून पाणी सांडतं आणि मग समोरचा माणूस विचारत बसतो की बरं वाटत नाहीये का. बरं वाटतंय. म्हणजे, ठीक आहे. तर मी काय म्हणत होतो, दोन मिनिटांचं काम आहे, तुमची फक्त एक सही हवीये. हो, विद्यापीठातूनच आलोय, हे ओळखपत्र — फोटो जुना आहे, केस होते तेव्हाचा. निवेदन मी टाइप करूनच आणलंय, तुम्हाला काही लिहायचं नाही, थांबा, वाचूनच दाखवतो — ‘मी, खाली सही करणारी, लिहून देते की सदर प्रबंधाची प्रत मी नऊ मार्च रोजी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून घरी नेली, परंतु वेळेअभावी ती उघडून पाहिली नाही आणि सोळा मार्च रोजी जशीच्या तशी परत केली.’ संपलं. इथे नाव, इथे सही. तारीख मोकळी ठेवा, तारीख मी नंतर घालतो.

नाही हो ताई, तुमची काहीच चूक नाही, दंड-बिंड काही नाही, तुम्ही तर पुस्तक वेळेत परत केलंत, एक पान दुमडलेलं नाही, मी स्वतः पाहिलं. पत्ता? पत्ता म्हणजे — माजी विद्यार्थिनी म्हणून ग्रंथालयाचं कार्ड काढताना तुम्ही फॉर्म भरला होतात ना, त्यावर होता. तो असा कुणाला द्यायचा नसतो, मान्य आहे. कुणी दिलाही नाही, ग्रंथपाल जेवायला गेले होते. हे मी सांगायला नको होतं. तुम्ही दाराला आतून कडी लावलीत का? नाही, सहज विचारलं. जिन्यात पावलं वाजली की मी दाराकडेच बघत राहतो, हल्ली असंच झालंय, घरी बेल वाजली तरी मी आधी मोरीत जाऊन उभा राहतो. बायको म्हणते, लग्न झालं तेव्हा तुम्ही फक्त पालीला घाबरायचात, आता पालीच तुम्हाला घाबरवायच्या थांबल्यात, त्यांना कीव येते. ती चेष्टा करते पण तिला माहीत नाही काय झालंय ते. तिला वाटतंय मी आत्ता ऑफिसात आहे. ऑफिसात वाटतंय मी दाताच्या डॉक्टरकडे आहे.

कशासाठी म्हणजे — बरोबर आहे, तुम्ही विचारणारच. मी तिथल्या तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षात काम करतो. नाव ऐकून दडपून जाऊ नका, जिन्याखालची खोली आहे, दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि एक प्रिंटर, तो मनात आलं की पान तिरकं काढतो. विद्यापीठात कुणी काही नवं शोधून काढलं की ते आमच्याकडे येतं, आम्ही त्याचं पेटंट घेतो आणि ती वस्तू बनवणारी कंपनी शोधून तिला हक्क देतो. शोध लावणारी हुशार माणसं वेगळी, आम्ही त्यांचे कागद सांभाळणारे. आणि या सगळ्या कामात नियम एकच आहे, आमच्या शिपायालासुद्धा पाठ आहे — अर्ज दाखल होईपर्यंत तोंड बंद. पेटंटचा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, त्या दिवसापर्यंत ती गोष्ट बाहेर कुणाला कळता कामा नये. भाषण नाही, भिंतीवर तक्ता नाही, मित्राला सहज दाखवणं नाही. एका माणसाला जरी मोकळेपणानं वाचायला मिळाली तरी ती नवी राहिली नाही, मग शोध केवढाही असो, पेटंट गेलं रद्दीत. काही देशांत वर्षभराची सवलत देतात म्हणे, पण कंपनीला जिथे माल विकायचाय तिथे नाही देत. मी तीनदा विचारून घेतलं, तीन वेगवेगळ्या लोकांना, फोनवर, आवाज बदलून.

आता आलं ना लक्षात. तुम्ही नेलात नऊला, आमचा अर्ज दाखल झाला एकवीसला. बारा दिवस. मी रोज सकाळी डोळे उघडले की बोटांवर मोजतो, एखाद्या दिवशी कमी भरतील म्हणून, पण बाराच भरतात. आणि शोध तरी काय, हो — कागदाची पट्टी आहे, बोटाएवढी. नळाचं पाणी घ्यायचं, पट्टी बुडवायची, पाण्यात शिसं असेल तर ती जांभळी होते. जुन्या इमारतींच्या जुन्या नळांतून शिसं येतं, दिसत नाही, वास येत नाही, आणि लहान मुलांच्या डोक्यावर परिणाम होतो — तुम्हाला माहितीये? नाही, तुम्ही मान हलवलीत म्हणून म्हटलं. तर ती पट्टी एका मुलीनं केली, सहा वर्षं घातली तिनं त्यात. सगळी खुबी चौथ्या प्रकरणात आहे, कागद आधी कशात बुडवायचा, वाळवायचा, मग कशात, जग हे उलट क्रमानं करत होतं आणि म्हणून कुणाला जमत नव्हतं. एवढं साधं आहे म्हणून तर भीती. अवघड गोष्ट कुणी वाचली तरी कळत नाही, ही कळते.

आणि उद्या दहा वाजता कंपनीची वकीलबाई येतेय. सगळे कागद तपासणार, मग कंपनी करारावर सही करणार. तुम्ही पाहिलं नाहीये तिला. ती कागदावर पट्टी धरून एकेक ओळ वाचते, लाकडी पट्टी, शाळेतली असते तशी, आणि एक ओळ संपली की खाली सरकवते आणि तेवढ्या वेळात वर बघते. तुमच्याकडे. तिनं यादी पाठवलीये हव्या असलेल्या कागदांची, त्यात चौदावं कलम आहे — प्रबंधाची ग्रंथालयातली नोंद. तेरा कलमांवर मी बरोबरच्या खुणा केल्या आणि चौदाव्यावर आलो तेव्हा मला खुर्चीसुद्धा सापडेना बसायला. खरं सांगायचं तर प्रबंध शेल्फवर नुसता पडून असता तर वाद घालता आला असता — कॅटलॉगमध्ये नोंद व्हायची होती, म्हणजे तो तिथे आहे हे कुणाला कळायचं कारणच नव्हतं. तसा तो कुणालाच सापडायला नको होता. तुम्हालाच कसा सापडला हो? बघा ना, हजारो पुस्तकं, आणि तुम्ही बरोब्बर तेच — बरं, राहू दे, नका सांगू. पण तो कुणीतरी घरी नेला म्हटल्यावर वाद संपला. म्हणून हे निवेदन. न उघडलेलं पुस्तक आणि न नेलेलं पुस्तक यात काय फरक आहे, असं मी म्हणणार. ती ऐकेल की नाही माहीत नाही. बहुतेक नाही ऐकणार. पण फाइलमध्ये कागद हवा. माझं सगळं आयुष्य त्यावर गेलंय, कागद आहे की नाही.

शेल्फवर आला कसा? हाच प्रश्न मोठ्या साहेबांनी विचारला, ह्याच आवाजात. म्हणजे तुम्ही बोलला नाहीत, पण तुमचा चेहरा त्याच आवाजात विचारतोय. त्याचं काय असतं, असा प्रबंध ग्रंथालयात गेला की त्याच्या आधी आमचं एक पत्र जातं — हा कुलूपबंद कपाटात ठेवा, आमचा दुसरा कागद येईपर्यंत कुणाला देऊ नका. चार ओळींचं पत्र. ते पत्र दोन मार्चचं आहे. तारीख आहे त्यावर, दोन मार्च, माझी सही. आणि ग्रंथालयाचा आवक शिक्का आहे अठरा मार्चचा. मधले सोळा दिवस ते पत्र कुठे होतं — तर ते त्या मुलीकडे होतं. हो, त्याच मुलीकडे, पट्टीवालीकडे. आमच्याकडे तशी पद्धतच आहे, संशोधन करणारी मुलं आपापले कागद आपणच नेऊन देतात, शिपाई एक आणि इमारती अकरा. तर पत्र मी तिच्या हाती दिलं आणि तिनं ते वेळेत पोचवलं नाही. मुलं विसरतात हो. बॅगेत राहतं. मी साहेबांना तेवढंच म्हणालो — ‘हाती दिलं होतं.’ पुढचं त्यांनीच जोडलं.

नाही, तिला अजून कुणी काही बोललं नाहीये. बोलणार आहेत. म्हणजे पत्र जाणार आहे तिला, उद्या, वकीलबाईंना त्याची प्रत दाखवायची म्हणून — अहो, ते नाही, ते दुसरं आहे, निवेदनाच्या खाली आलं चुकून, इकडे द्या. ताई, ते गोपनीय आहे. वाचू नका ना. बरं. बरं, वाचा. मीच टाइप केलंय सकाळी. ‘गोपनीयतेचा भंग’ हे साहेबांचे शब्द, माझे नाहीत. पदवी रोखून ठेवणं हे फक्त चौकशी होईपर्यंत. कंपनीत तिला नोकरी मिळणार होती ती — ती राहणार नाही, बरोबर आहे, जिच्यामुळे पेटंट बुडालं तिला कोण ठेवेल. पण ती तरुण आहे, हुशार आहे, तिला दुसरीकडे — मला पन्नासाव्या वर्षी कोण घेणार सांगा ना. मला फाइलींना दोरे बांधण्यापलीकडे काय येतं. तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. आणि म्हणूनच तर ही सही, तुम्ही सही केलीत की कदाचित पेटंट वाचेल, मग त्या पत्राची गरजच पडणार नाही, मी स्वतः फाडून टाकीन ते. बघा, सगळं तुमच्या एका सहीवर आहे, तिचंही भलं, माझंही.

तुम्ही असं बघत राहिलात की मला भिंतीकडे बघावं लागतं. छान आहे हं घर, उजेड आहे, पुस्तकं आहेत, फ्रेम — ही फ्रेम कसली? फोटो नाही, नुसता कागद लावलाय. डावीकडे एवढी जागा का सोडलीये, मधोमध का नाही — दीड इंच. डावीकडे दीड इंच समास. ताई, हा समास बांधणीसाठी सोडतात. खाली मधोमध आकडा आहे, रोमन चार. हे आमच्याकडच्या प्रबंधाचं पान आहे. मी रोज बघतो असली पानं, झोपेत ओळखीन. थांबा, चष्मा — ‘चूक खोडायची नाही, वहीच्या डाव्या पानावर तारीख घालून लिहून ठेवायची, हे ज्यांनी मला सातवीत शिकवलं, त्या माझ्या शाळेच्या बाईंना.’

तुम्ही शिक्षिका आहात का?

हे तुम्ही आहात का?

मला बसू दे जरा. नाही, पाणी चालेल आता, द्या. मी हे पान पाहिलेलंच नाही हो. प्रबंध मी तीनदा वाचला, शब्दन् शब्द, पण आम्ही वाचतो तिसऱ्या प्रकरणापासून. सुरुवातीची पानं कुणी वाचत नाही, प्रमाणपत्र, आभार, अर्पणपत्रिका, त्यात पेटंटला लागणारं काही नसतं, आम्ही ती अंगठ्यानं धरून एकदम उलटतो. अशी. तिनंच सांगितलं असेल तुम्हाला, बाई, आला बघा शेल्फवर, तुमचं पान बघून या. म्हणून सापडला तुम्हाला. आणि मी इतका वेळ तुमच्याच समोर बसून तिच्याबद्दल — मुलं विसरतात, बॅगेत राहतं — बाई, मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर आलोच नसतो. नाही, म्हणजे असं नाही म्हणायचं मला, म्हणजे बोललो नसतो. तेही नाही. मला आता नीट वाक्यच करता येत नाहीये.

पण एक सांगा, कॉपी एवढ्या एका पानाचीच काढलीत ना? हे एकच पान? यात काही नाही, एका पानानं काही बिघडत नाही, वकीलबाई काय म्हणेल, अर्पणपत्रिका आहे, हसेल — कुठे चाललात? आतून काय आणताय? ही काय, अख्खी? चौथ्या प्रकरणासकट? चौथं प्रकरण तर जास्तच चुरगळलंय. आणि ही वही कुणाची, पोरांची? सातवीच्या वर्गाची. बाई, काय केलंत तुम्ही. नाही, थांबा, मी वाचतो. ‘चौदा मार्च. आज आम्ही शाळेतले सगळे नळ तपासले.’ डाव्या पानावर काय — ‘आधी कागद उलट बुडवला, रंग आला नाही, चूक आमच्या गटाची.’ आणि उजवीकडे पट्ट्या चिकटवल्यात, सहा, सात, अकरा. सातवीच्या पोरांनी केल्या. सातवीच्या पोरांना जमलं. म्हणजे संपलंच की. आता सही केलीत काय आणि नाही काय, ब्रह्मदेव आला तरी हे पेटंट उभं राहत नाही. अर्जाच्या आठवडाभर आधी एक अख्खा वर्ग ही पट्टी बनवत होता, तारखेसकट लिहून ठेवलंय पोरांनी, आमच्या ऑफिसात कुणी इतकं नीट लिहीत नाही.

ही एक जांभळी आहे. हा कुठला नळ? तळमजल्यावरचा, बालवर्गाजवळचा. मग काय केलंत? बंद केलात. दुसऱ्याच दिवशी. तिथे किती मुलं पाणी पीत होती? बरं. हं. नाही, काही नाही, मी नुसतं बघतोय. पाच महिने मी ही पट्टी कागदावर सांभाळतोय, तिच्यासाठी खोटं बोलतोय, तिच्या पायी मला झोप नाही, आणि ती जांभळी झालेली मी आज पहिल्यांदा बघतोय.

बाई, ते पत्र. ते मी तिच्या हाती दिलं नव्हतं. हे तुम्हाला कळलंच असेल, तुम्हाला मुलांचे चेहरे वाचायची सवय असेल. ते माझ्या ट्रेमध्ये होतं. टाइप करून ठेवलं होतं, फक्त सही करून धाडायचं होतं. पण तेव्हा तिचं आणि तिच्या मार्गदर्शक सरांचं वाजलं होतं — पेटंटवर कुणाचा किती वाटा, यावरून. सरांना सत्तर टक्के हवे होते, ती म्हणाली अर्धे-अर्धे, आणि फॉर्मवर सही करीना. मग सर माझ्या टेबलाशी आले, वाकून, हळू आवाजात म्हणाले, तिच्या फाइलमधलं काही घाई करून पाठवू नका, थोडी अडली की सही करेल. हे कुलूपबंद ठेवायचं पत्र त्याच फाइलमध्ये होतं. मला माहीत होतं ते थांबवायचं नसतं. वाट्याचा आणि त्याचा काही संबंध नाही, ते आधी पाठवायचं, मग भांडायचं, हे मी स्वतः नव्या लोकांना शिकवतो. पण सर मोठे माणूस आहेत, कुलगुरूंबरोबर जेवतात, आणि ते माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. मी ‘बरं’ म्हणालो. मग तिनं कंटाळून सही केली, सत्तरला, तेव्हा कुठे सर म्हणाले आता पाठवा, तोपर्यंत अठरा तारीख उजाडली होती. ग्रंथालयात गेलो तर प्रबंध शेल्फवर. तिनं नेहमीसारखा जमा केला होता, तिला कुणी थांबवलंच नव्हतं. मग मी परत आलो, पत्र पुन्हा छापलं आणि वर दोन मार्च घातलं.

सरांचं नाव का नाही घेतलं? कसं घेणार. सरांची भीती वाटते. मोठ्या साहेबांची भीती वाटते. वकीलबाईच्या तर पट्टीचीसुद्धा वाटते. ग्रंथपालाची वाटते, शिपायाची वाटते, तो मोठ्यानं बोलतो. साहेबांनी जेव्हा टेबलावर हात आपटून विचारलं की हे कुणामुळे झालं, तेव्हा मी एकेक चेहरा डोळ्यांपुढे आणला, आणि त्या सगळ्यांत ती एकटीच होती जिची मला भीती वाटत नव्हती. म्हणून तिचं नाव निघालं तोंडातून. दुसरं काही कारण नाही. तिनं माझं काही वाईट केलेलं नाही, उलट ऑफिसात सगळे मला ‘अहो’ म्हणतात, ती काका म्हणते. प्रिंटरमधला तिरका कागद तीच काढून द्यायची. एवढं सोपं होतं बाई ते, दोन शब्द, ‘हाती दिलं’, आणि साहेबांचा हात टेबलावरून उठला, आणि मला इतकं बरं वाटलं की मी खाली जाऊन चहा प्यालो.

काय करताय? फोन कुणाला? नको. बाई, नको, मी सांगतो ना साहेबांना, उद्या सांगतो, वकीलबाई यायच्या आधी, साडेनऊला — नाही, मला माहितीये मी नाही सांगणार, तुम्हालाही माहितीये. पण तिला नको. साहेबांना लावा हवं तर, सरांना लावा, कुणालाही, मी बोलतो. तिच्याशी काय बोलू मी? तिची भीती वाटत नव्हती म्हणालो, ते तेव्हाचं झालं, आता तिचीच सगळ्यांत जास्त वाटते. उचलणार नाही ती. कामात असेल. वाजतोय नुसता, ठेवा, ठेवा ना — माझ्या हातात कशाला देताय, मी —

हॅलो. नाही, बाई नाही. काका बोलतोय, ऑफिसातले. हो, बाईंच्याच घरी आहे, त्या समोर बसल्यात, बऱ्या आहेत, त्यांना काही झालेलं नाही. ऐक. ते मार्चमधलं पत्र, प्रबंध कुलूपबंद ठेवायचं, ग्रंथालयासाठीचं — दोन तारखेला मी ते तुझ्या हाती दिलं, असं मी सांगितलंय. हो. साहेबांना. नाही, थांब, बॅग बघू नकोस. अगं, जुनी बॅगही नको बघूस. माफी कसली मागतेस तू, ऐक माझं, तू विसरलेली नाहीस, हरवलेलंही नाही, आठवत बसू नकोस. मी ते दिलंच नव्हतं.